एजंटाला होकार देण्याआधी हे वाच

तू विचारलंस : घाटंजीकडे ग्रामीण रुग्णालयात जीएनएम (डिप्लोमा झालेली नर्स) आहेस, यवतमाळचा एजंट इंग्लंडात केअर होमची, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या निवासातली, नोकरी लावून देतो म्हणतो, जावं का? आणि लकवा झालेल्या सासूबाईंना मागून नेता येईल का?

एजंटाला एक रुपयाही देऊ नकोस. केअर वर्करच्या व्हिसावर बाहेरदेशातून नवी भरती ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून बंद केली आहे. यायचं तर नोंदणी झालेली नर्स म्हणून ये. सासूबाईंचं मात्र कठीण आहे बाप्पा. लागणारी सेवा भारतात पैसे मोजूनही मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. ते फार थोड्यांना जमतं.

आता काम. मी स्कॉटलंडमध्ये वॉर्डात आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या आजीचं ऑपरेशन झालं, जखम भरली. आपल्याकडे ऑटो बोलावला की संपलं. इथे थेरपिस्ट तिला वॉर्डालगतच्या छोट्या स्वयंपाकघरात नेते आणि चहा करून दाखवायला लावते. भरलेली किटली उचलते का, फ्रिजमधून दूध काढताना तोल जातो का, सगळं बघते. मग बाथरूममध्ये धरायला दांडी, सकाळी कपडे घालून द्यायला बाई. हे दवाखान्याच्या नाही, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या हातात. ते जुळेपर्यंत खाट अडून राहते आणि नातेवाईक चिडतात ते तुझ्यावर.

यासाठीच स्कॉटलंडने 2014 मध्ये कायदा केला. आरोग्य मंडळ आणि कौन्सिल आता बहुतेक ठिकाणी संयुक्त मंडळाच्या हाती पैसा देतात. खाटा तरी अडतातच, कारण घरोघरी जाणाऱ्या बायाच कमी. पण इथे 65 वर्षांवरच्यांना अंघोळ-कपड्यांची मदत 2002 पासून मोफत आहे. इंग्लंडात 23,250 पौंडांहून जास्त पुंजी असली की घरच्या मदतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. तिकडे डिस्चार्जच्या वेळी पैशावरून जास्त वाजतं.

मला स्वतःला नेदरलँड्सचं बुर्टझोर्ग आवडतं, ही घरोघरी जाऊन सेवा देणारी नर्सेसची संस्था. 2006 साली सुरू झालं. जास्तीत जास्त बारा नर्सेसचा गट, वर साहेब नाही. इंजेक्शन देणारीच अंघोळ घालते, शेजारणीशीही तीच बोलते. पण डच शिकावी लागेल.

आपल्याकडे आशा आरोग्य खात्याची, अंगणवाडी सेविका महिला-बालविकासची, श्रावणबाळचे पैसे तहसीलला. तरी त्या दोघी ओट्यावर बसून दहा मिनिटांत ठरवतात, त्याला इथे तासभर मीटिंग लागते!

तू ओईटीला, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, बस. लेखनाच्या पेपरात बहुतेक वेळा रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र येतं, त्याचा सराव आजपासून कर.