खणातलं घड्याळ

प्रश्न: मी ५८ वर्षांचा आहे. जुन्या घड्याळांचा नाद असलेले आम्ही सात-आठ जण गेली सहा वर्षं दर महिन्याला भेटतो. टेबलावर कापड पसरायचं, प्रत्येकाने आणलेली घड्याळं मांडायची. दोन-तीन तास कसे जातात कळत नाही. यंदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे माझ्या दोन भेटी चुकल्या. ‘लवकर बरे व्हा’ असे निरोप आले, घरी कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून वाटतं, ही मैत्री आहे की नुसती घड्याळांची ओळख? आम्हाला एकमेकांच्या मुलांची नावंही माहीत नाहीत. एक जण चार महिने झाले, येतच नाही, आणि कोणाला त्याचं काही नाही. (त्याच्या वडिलांचं घड्याळ माझ्याकडे राहिलंय. रोज मागे पडतं, तुझ्या मशीनवर बघ, म्हणाला होता. खणात नीट ठेवलंय. दुसऱ्याची वस्तू, म्हणून किल्लीसुद्धा देत नाही.) टेबल काढून घेतलं तर आमच्यात काय उरतं? जाणं बंद करू का?

उत्तर:

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशीच अडकले.

किल्ली देत नाही म्हणता. म्हणजे ते घड्याळ तुम्ही तपासलेलंच नाही! टाइमग्राफर, म्हणजे तुमचं ते मशीन, टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे पडतं याचा हिशेब सांगतो. बंद घड्याळाचं तो काय ऐकणार? एक माणूस चार महिने तुमच्या उत्तराची वाट बघतोय. तुम्ही ना उत्तर दिलंत, ना घड्याळ परत केलंत, ना त्याच्या दारी गेलात. आणि मला विचारताय, माझ्याकडे कोणी का आलं नाही.

दुसऱ्याच्या घड्याळाला न विचारता हात लावायचा नाही, हा तुमच्या टेबलाचा नियम मला माहीत आहे आणि मान्यही आहे. तारखेच्या घड्याळात रात्री उशिरा, चक्र बदलत असताना कोणी उत्साहाने तारीख फिरवली तर दाते तुटू शकतात. नियम उगाच आलेला नाही. पण इथे मालकाने स्वतः ‘बघ’ म्हणून हातात दिलं होतं. तुमच्या खणात त्या नियमाचा आडोसा झालाय, दुसरं काही नाही.

आणि दिलं काय, तर वडिलांचं घड्याळ. संग्राहक स्वतः घेतलेली घड्याळं बघायला सहज देतो. एक गेलं तर दुसरं शोधता येतं. वडिलांच्या मनगटावर झिजलेलं घड्याळाचं कवच, त्यांच्याच हातून काचेवर उठलेला ओरखडा, हे कुठे शोधणार? ते त्याने पट्ट्यासकट काढून तुमच्या हातावर ठेवलं. ना चिठ्ठी, ना पावती. अशी वस्तू ज्याच्याकडे निर्धास्तपणे सोपवता येईल अशी माणसं तुमच्या नात्यात किती आहेत, मोजा बरं.

मुलांच्या नावांचं मनाला लावून घेऊ नका. माझे यजमानही असेच एका टेबलावर वर्षानुवर्षं जात. ते गेल्यावर तिथला एक मित्र घरी आला. आमच्या मुलीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, माझंही नसावं. पण कोणत्या घड्याळाची किल्ली सैल आहे, कोणतं यांनी कधीच पॉलिश करू दिलं नाही आणि का, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. कपाटासमोर बसून तो एकेक घड्याळ हातात घेऊन बोलत राहिला. माझ्या माणसाबद्दल इतकं नेमकं त्या दिवसांत दुसरं कोणी बोललं नाही.

टेबल काढलं तर काय उरतं, हे हायगेन्सला विचारावं. लंबकाचं घड्याळ करणारा हा डच शास्त्रज्ञ १६६५ साली आजारी पडून अंथरुणात होता. समोर त्याची दोन घड्याळं एकाच आधारावर टांगलेली. त्याच्या लक्षात आलं की त्यांचे लंबक हटकून एकमेकांच्या उलट पण एकाच तालात झुलतात. मुद्दाम ताल बिघडवला तरी अर्ध्या तासात पुन्हा जुळतात. घड्याळं लांब नेली की हे बंद. एकमेकांचे बारीक हेलकावे त्यांना मधल्या लाकडातून पोचत होते. म्हणून टेबलाला कमी लेखू नका. तुमचा ताल त्या लाकडावर जमलाय. त्या माणसाचा आधार मात्र चार महिन्यांपूर्वी सुटलाय. का सुटला, देव जाणे. प्रकृती असेल, किंवा संग्रह विकावा लागला असेल आणि मोकळ्या मनगटाने तुमच्यात बसवत नसेल.

तर आज खण उघडा. किल्ली सावकाश, अडेपर्यंत द्या, अर्धा तास चालू द्या आणि मशीनवर ठेवा. डायल वर, डायल खाली, किल्ली खाली, किल्ली वर, प्रत्येक स्थितीतले आकडे कागदावर उतरवा. सगळीकडे सारखंच मागे पडत असेल तर कदाचित रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी दांडी, जराशी सरकवून भागेल. पूर्ण किल्ली देऊनही बॅलन्सचा, म्हणजे आतल्या डोलणाऱ्या चक्राचा, झोका २०० अंशांच्या खाली असेल तर बहुधा तेल सुकलंय, सर्व्हिस लागेल. तुम्ही हे माझ्याहून चांगलं जाणता.

मग तो कागद आणि घड्याळ घेऊन येत्या रविवारी त्याच्या घरी जा. कोणाच्या हाती पाठवू नका, आकडे फोनवर कळवू नका. गुडघा दुखत असेल तर रिक्षा करा. उशीर झाला म्हणून माफी मागा, एकदाच. तो का येत नाही हे विचारूही नका. आकडे वाचून दाखवा आणि त्याला बोलू द्या. पुढच्या भेटीला जायचं की नाही, हे तिथून उठल्यावर ठरवा.