गांजा, भांग आणि कायदा: तुमचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

गांजा लीगल करावा की नाही यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं आणि इनबॉक्स फुल्ल झाला. निम्म्या मेलमध्ये प्रश्न नव्हताच, नुसतं भाषण होतं, दोन्ही बाजूंचं. ते सगळं बाजूला ठेवून ज्यांना खरंच काही अडलंय त्यांचे प्रश्न आधी घेतलेत. मी फौजदारी वकिली करते, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या केसेस चालवते, त्यामुळे माझं बोलणं कोर्टाच्या अंगाने जास्त जाणार हे आधीच सांगते.

माझा मुलगा २० वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला, मित्रांसोबत फ्लॅट घेऊन राहतो. त्याच्या बॅगेत गोगो पेपर (गांजा गुंडाळून ओढायचा कागद) आणि एक पुडी सापडली. विचारलं तर म्हणतो आई ते नॅचरल असतं, शंकर पण घ्यायचा, कॅनडात लीगल आहे, दारूपेक्षा बरं, आणि इथेही आज ना उद्या होणारच. त्याला पोलिसांत दिलं तर धाक बसेल का? – एक आई, नाशिक

ताई, पोलिसांचं डोक्यातून काढून टाका. धाक बसो न बसो, गुन्हा मात्र नोंदला जाईल आणि मग पासपोर्ट, नोकरीचं व्हेरिफिकेशन, सगळीकडे तो आडवा येईल. नुसतं ओढल्याबद्दल कलम २७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, आणि जवळ १ किलोपर्यंत गांजा मिळाला तर कलम २० खाली १ वर्षापर्यंत. ऐकायला कमी वाटतं, पण २०२० च्या रिया चक्रवर्तीच्या गाजलेल्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने एनडीपीएसमधले सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत असं म्हटलंय, म्हणजे एवढ्याशा पुडीसाठी सुद्धा जामीन कोर्टाकडून घ्यावा लागतो. मिळतो बहुतेक वेळा, पण शुक्रवारी रात्री उचललं तर शनिवार रविवार काय होतं ते पोराला आणि आईबापाला विचारा.

मुलाला लीगल होणार की नाही यावर लेक्चर देऊ नका, तो युट्यूब बघून तुमच्यापेक्षा जास्त तयारीत आहे. त्याला दोन गोष्टी विचारा. एक, फ्लॅटचं ॲग्रीमेंट कोणाच्या नावावर आहे? जागा असल्या कामासाठी वापरू दिली म्हणून कलम २५ आहे आणि ते ज्याच्या हातात जागेचा ताबा त्याला लागतं. दुसरं, पुडी आणायला जातो कोण? पोरं ग्रुपवर पैसे गोळा करतात, एकाच्या जीपेवर टाकतात, तो एकटा जाऊन सगळ्यांसाठी घेऊन येतो, बाकीचे निवांत घरी. पोलिसांच्या कागदावर हा मुलगा ओढणारा राहत नाही, विकणारा होतो, कारण त्याच्या मोबाईलमध्ये पैसे आलेले दिसतात आणि "किती आणू" असे मेसेज पण दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांत हा आणणारा मुलगाच जास्त अडकलेला असतो, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो ग्रुपमधला सगळ्यात भिडस्त असतो.

कॅनडाचं तो सांगतोय ते खरंय, १७ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे लीगल आहे. पण पूर्ण कायदा सांगत नाहीये. तिथे बाहेर फिरताना ३० ग्रॅमपर्यंतच जवळ ठेवता येतो, बहुतेक प्रांतात वय १९ लागतं, क्विबेकमध्ये २१, आणि अल्पवयीन मुलाला विकला तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे त्याच्या वयाचा मुलगा क्विबेकमध्ये दुकानात गेला तर त्याला परत पाठवतील. शंकराचं म्हणाल तर शंकराने हलाहल पण प्यायलं होतं, ते नाही कोणी ट्राय करत.

तब्येतीचं मी डॉक्टर नसताना फार बोलत नाही. पण २०१९ मध्ये युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय की जास्त टीएचसीचा (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) माल रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होतं. कधीतरी एखादा झुरका आणि रोज सकाळी उठल्या उठल्या हे दोन वेगळे विषय आहेत, त्यातलं तुमच्याकडे कुठलं चाललंय ते आधी शांतपणे काढून घ्या. रोजचं असेल तर मानसोपचार तज्ज्ञ. आणि हे लक्षात ठेवा, कलम ६४ अ म्हणून एक आहे ज्यात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर थोड्या मालाच्या केसमधून त्याची सुटका होऊ शकते, मात्र उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढूनही घेतात.

उत्तराखंडमध्ये गांजाची शेती लीगल झाली असे व्हिडिओ येतात. एकरी लाखो रुपये म्हणतात. कापसाला भाव नाही. आपल्याकडे परवानगी कोण देतं? – एक शेतकरी, धुळे जिल्हा

दादा, व्हिडिओवाला अर्धं सांगतोय. उत्तराखंडने २०१८ पासून लायसन्स द्यायला सुरुवात केली ती इंडस्ट्रियल हेम्पची, म्हणजे धाग्यासाठी आणि बियांसाठी, ज्यात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही. त्या झाडाने नशा होत नाही आणि लाखो रुपये तर त्याहून होत नाहीत, कारण धागा काढणारी गिरणी जवळ नसेल तर ते पीक नेणार कुठे. बियांना थोडा बाजार आहे, २०२१ मध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) हेम्पचं बी, तेल, पीठ खायला मान्यता दिलीये. हिमाचलनेही जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडून आधी ट्रायल करून घ्यायचं ठरवलं.

कायद्यात राज्य सरकारला लागवडीची परवानगी द्यायचा अधिकार कलम १० ने आहे. महाराष्ट्राने शेतकऱ्यासाठी तसं लायसन्स काढलेलं नाही. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या कलेक्टरकडे अर्ज केला होता, दोन एकरात गांजा लावू द्या, कुठल्याच पिकाला भाव नाही, आणि १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून लावणार. लोकांनी हसून घेतलं, स्टंट म्हणाले, पण भावाचं तो जे बोलला त्यात काय चुकीचं होतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता तुम्ही धुळ्याचे, तुम्हाला शिरपूरकडे काय चालतं ते मी सांगायला नको. कापसात, तुरीत मधल्या ओळीला गांजाची झाडं लावतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पकडलं तर काय होतं ते मात्र बघून ठेवा. लागवडीला वेगळं कलम आहे, २० चा पहिला भाग, त्यात किलोचा हिशोबच नाही, १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड. वर पंचनाम्यात काय करतात, झाडं मुळासकट उपटतात, मुळाला ओली माती, जाड खोड, पानं, सगळं पोत्यात भरून वजनकाट्यावर आणि आकडा लिहितात २३ किलो. आता गांजामध्ये २० किलोच्या वर गेलं की कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे १० ते २० वर्षं आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद, कारण कोर्टाला आधी असं वाटावं लागतं की हा माणूस दोषीच नाही. कायद्यातली गांजाची व्याख्या मात्र फक्त फुलोऱ्याची आहे, शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येतच नाहीत. मग आम्ही वकील उभे राहतो आणि भांडतो की साहेब खोड काढा, पानं काढा, माती काढा, मग सांगा किती उरलं. मुंबई हायकोर्टाने अशा मुद्द्यावर जामीन दिलेले आहेत, पण तिथे पोचेपर्यंत माणूस कित्येक महिने आत असतो आणि शेत पडीक. ज्याने बी दिलं आणि जो माल न्यायला येणार होता त्यांचं नाव पंचनाम्यात क्वचितच येतं.

म्हणून नका लावू. लायसन्स निघालं तर मीच इथे छापीन.

महाशिवरात्रीला भांग चालते ना? बनारसमध्ये तर सरकारी दुकान आहे. – संभाजीनगरहून

उत्तर प्रदेशात चालते. एनडीपीएसमध्ये पानं येत नाहीत म्हणून भांग राज्यांवर सोडलीये, आणि आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे ज्यात भांग पण लायसन्सशिवाय ठेवता, बनवता, पिता येत नाही. बनारसहून गोळी खिशात घालून घरी आणणं म्हणजे गाडी महाराष्ट्रात शिरली की गुन्हा. १९८५ पर्यंत देशभर सगळं खुलं होतं असं जे फॉरवर्ड फिरतं ते पण याच कारणाने अर्धवट आहे, कुठे ठेके होते, कुठे बंदी होती.

मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. तिथे दुकानात राजरोस मिळतं, बिल देतात. त्याने घेतलं तर काही प्रॉब्लेम नाही ना? – एक वडील, ठाणे

आहे काका, आणि हा तिथल्या आपल्या बऱ्याच पोरांना माहीत नाही. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्यांना विकतात ते खरं, पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ते अजून गुन्ह्यातच आहे आणि सिटिझनशिप देणारं केंद्र सरकार आहे, न्यू जर्सी नाही. २०१९ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट लिहून काढलं की राज्यात लीगल असलं तरी गांजा घेणं किंवा गांजाच्या धंद्यात नोकरी करणं हे सिटिझनशिपच्या अर्जात चांगल्या वर्तणुकीच्या आड येऊ शकतं. दोष सिद्ध व्हायला पाहिजे असंही नाही, स्वतः कबूल केलं तरी पुरतं. म्हणून त्याला सांगा अर्ज भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला भेट, फॉर्मवर खोटं लिहू नकोस (ते त्याहून वाईट), आणि डिस्पेन्सरीच्या (तिथलं गांजाचं दुकान) काउंटरवर पार्ट टाइम जॉब मिळतोय म्हणाला तर तो घेऊ नकोस.

तुम्ही मागे पण गोल गोल लिहिलं होतं. सरळ सांगा, भारतात गांजा लीगल करावा की नाही? – एक कॉलेजकुमार, कोल्हापूर

दुकानं उघडू नयेत. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये. झालं सरळ?

आता कारण. एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेला सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात वर्षभरात भांग, गांजा, चरस यातलं काहीतरी घेतलेले लोक ३.१ कोटी निघाले, त्यात गांजा-चरसवाले साधारण १.३ कोटी. एवढ्या लोकांना पकडायचं म्हटलं तर तुरुंगच काय, स्टेडियम पुरायची नाहीत, म्हणून पकडले जातात ते नाक्यावर सापडणारे, झोपडपट्टीतले, हॉस्टेलची पोरं. टॉवरमधल्या पार्टीच्या दारात पोलीस शिरायला दहादा विचार करतो. कायदा सगळ्यांना सारखा लागू होऊच शकत नसेल तर त्याचा धाक राहत नाही, रेट राहतो, आणि तो रेट कुठे ठरतो ते तुम्हाला माहितीये.

दुकानाला विरोध का, तर थायलंड बघा. जून २०२२ मध्ये गांजा नार्कोटिक्सच्या यादीतून काढला, नियम नंतर करू म्हणाले, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावं लागलं. त्याचा ताप आपल्यालाही झाला, बँकॉकच्या फ्लाइटमधून बॅगा भरभरून हायड्रोपोनिक वीड, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा, मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सला सापडतंय, आणि तो माल आजोबांच्या चिलमीतला नाही, कितीतरी कडक असतो. ज्या देशात १८ वर्षांखालच्या पोराला वाइन शॉपमध्ये कोणी वय विचारत नाही तिथे गांजाच्या दुकानात विचारतील असं मला वाटत नाही, आणि लायसन्स कोणाच्या मेव्हण्याला मिळतील तेही मला दिसतं.

इंग्रजांनी हा वाद १३० वर्षांपूर्वीच घातला होता. १८९३ मध्ये कमिशन नेमलं, सात सभासद, त्यातले तीन भारतीय, देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. गांजाने वेड लागतं असं वेड्यांच्या इस्पितळांच्या रजिस्टरवरून सगळे म्हणत होते म्हणून त्यांनी ती रजिस्टरंच उघडली. तर कळलं की पेशंटला आणणारा पोलीस विचारपूस धड न करता कारणाच्या रकान्यात गांजा लिहून टाकायचा आणि डॉक्टर तेच पुढे उतरवून घ्यायचे. १८९४ च्या रिपोर्टमध्ये त्यांनी म्हटलं की बेतात घेतला तर फारसं नुकसान नाही, अतिरेक घातक, बंदी नको, कर आणि परवाना ठेवा. अर्थात इंग्रजांना त्या कराचा पैसाही मिळत होता, ते विसरून चालणार नाही. पण केस पेपर उघडून बघायची ती सवय मला आवडते. आजच्या रिमांड रिपोर्टमध्ये (आरोपीची कोठडी मागताना पोलीस कोर्टात देतात तो कागद) पण मला तोच रकाना दिसतो, फक्त टाइप केलेला असतो.

डिसेंबर २०२० मध्ये व्हिएन्नात युनोच्या बैठकीत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, २७ विरुद्ध २५, आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात गोव्यात औषधासाठी लागवडीचा प्रस्ताव नुसता फाइलवर आला तर केवढा गदारोळ झाला आणि तो गुंडाळला गेला. व्हिएन्नात एक आणि पणजीत एक. औषधाला तरी परवानगी द्या, कॅन्सरच्या पेशंटला आणि फिट येणाऱ्या लहान मुलांना त्याचा उपयोग होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही.

आईला संधिवात आहे. ऑनलाइन विजयाचं तेल मिळतं, ते घेतलं तर पोलीस येतील का? भाऊ अमेरिकेहून गमीज पण आणतो म्हणतोय. – पुण्याहून एक ताई

पोलीस नाही येणार. विजया म्हणजे भांगच. तिच्या पानांचा अर्क असलेली आयुर्वेदिक औषधं आयुष लायसन्सवर बनतात, पण यादीत ते विषारी द्रव्यांमध्ये मोडतं म्हणून वैद्याची चिठ्ठी घ्या आणि बाटलीवर लायसन्स नंबर आहे ना बघा, नसेल तर परत करा. आई वॉरफरिन किंवा दुसरी कुठली रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको, सीबीडीमुळे (याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) त्या गोळीचा परिणाम वाढतो. गमीजचं (गांजाचा अर्क घातलेल्या जेलीच्या गोळ्या) मात्र भावाला आजच फोन करून नाही म्हणा. त्यात टीएचसी निघालं तर ते आयातीच्या कलमात बसतं, आणि सहार एअरपोर्टवर पाकीट कोणाच्या बॅगेत आहे एवढंच बघतात, आईचे गुडघे दुखतात का ते नाही.