लेखी करार असताना कामाच्या ठिकाणी अलिखित संकेत का लागतात?

कारण कुठलाच करार कामातली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवू शकत नाही. करारात ८ तास लिहिलेले असतात. पण त्यात किती नेटाने राबायचं, नवख्याला कुणी शिकवायचं, पाळी संपताना अडलेलं काम कुणी मार्गी लावायचं, हे संकेतांवरच चालतं. म्हणूनच कामगार ‘नियमानुसार काम’ आंदोलन करतात, म्हणजे फक्त नियमात लिहिलंय तेवढंच काम करतात, तेव्हा एकही नियम न मोडता काम रखडतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९८२ मध्ये हेच मांडलं: थोडं जास्त वेतन आणि किमानापेक्षा जास्त काम ही परस्परांतली देवघेव असते, आणि त्यात रास्त काय हे समूहाचे संकेत ठरवतात. मात्र संकेत रूढ आहे म्हणून न्याय्य असतोच असं नाही. बिनपगारी जादा तासही असेच अंगवळणी पडतात. तिथे कायदा आणि संघटनाच हवी.