प्रमुखांचा एच-इंडेक्स ८० आहे, म्हणून जाऊ का?

तुझा प्रश्न असा: सोलापुरात न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस बसत आली आहे, इंग्लंडमधल्या एका लॅबमध्ये मोटर न्यूरॉन डिसीजवर (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) तीन वर्षांची फेलोशिप मिळते आहे, तिथल्या प्रमुखांचा एच-इंडेक्स ८०, तुझे पेपर चार आणि सगळी मिळून सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ, ३१. जावं का, आणि तिथे आपल्याला कोण विचारणार? दोन दिवस हे डोक्यातून गेलं नाही. तू ताई म्हणालीस, म्हणून सरळ लिहिते. व्हिसा, फी, रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर आहे, ते तिथेच वाच.

८० म्हणजे त्यांच्या किमान ८० पेपरना प्रत्येकी ८० किंवा जास्त सायटेशन. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेलं हे माप. लेखकांच्या यादीत नाव पहिलं, म्हणजे मुख्य काम करणाऱ्याचं, आहे की दीडशेवं, हे त्यात कळत नाही. आपल्या विषयात जनुकांवरच्या मोठ्या पेपरांना शेकडो लेखक असतात. माझी निम्म्याहून जास्त सायटेशन अशाच एका पेपरची आहेत. मी त्यासाठी नमुने तपासले, मन लावून तपासले, पण त्यातला विचार माझा नव्हता. म्हणून तू आकडा बघू नकोस. गेल्या पाच वर्षांतल्या त्यांच्या पेपरांवर पहिलं नाव कुणाचं आहे आणि ती मुलं आज कुठे आहेत, ते शोध. त्यातल्या दोघांना मेल टाक.

आणि घाई करणाऱ्यांचा हा विषय नाही. एसओडी१ या जनुकातल्या दोषाने हा आजार होतो, हे सांगणारा पेपर १९९३ चा. त्याच जनुकावरच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली २०२३ मध्ये, तीही एएलएसच्या (या आजाराचा मुख्य प्रकार) शंभरातल्या जेमतेम दोन रुग्णांच्या उपयोगाची. २०११ मध्ये सापडलेला सी९ओआरएफ७२ या जनुकातला दोष युरोपात सर्वांत जास्त आढळतो, आपल्याकडे खूपच कमी. म्हणजे ज्या पेपरांना हजारोंनी सायटेशन आहेत, त्यांत आपली माणसं फारशी नाहीतच.

माझा सर्वांत कमी सायटेशनचा पेपर सोलापूरचा आहे. बावीस वर्षांचा मुलगा, घरात यंत्रमाग. उजव्या हाताचं मांस झडलेलं, बोलणं नाकात, चेहरा एका बाजूने ढिला. ऐकू कमी यायचं, ते घरच्यांनी मागांच्या खडखडाटावर ढकललेलं. मीही आधी तेच मानलं. मग १९७० मध्ये मद्रासहून नोंदवलेला याच आजाराचा प्रकार आठवला: तरुण वय, हळूहळू वाढणारा आजार आणि बहिरेपण. तो केस रिपोर्ट मी एकटीने लिहिला. आजवर चार सायटेशन, त्यातलं एक माझंच. पण आई-बापाला मी सांगू शकले की हा आजार दोन-तीन वर्षांत माणूस नेणारा नाही, आणि हे सांगायला मद्रासचा तो पेपर वाचलेला असावा लागत होता.

कागदपत्रांचं मात्र सांगतेच, अजून राग जात नाही. माझा तो केस रिपोर्ट माहेरच्या नावावर. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने झाला, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं. इथे इंग्लंडमध्ये अर्ज केला तर उत्तर आलं, हे प्रकाशन तुमचं असल्याचा पुरावा द्या. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, लग्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, परत त्यावर शिक्का. चार महिने गेले आणि पहिली संधी हातची गेली. माझंच काम माझं आहे हे मला अनोळखी कारकुनाला पटवावं लागलं. तू आजच ऑर्किड क्रमांक (नाव बदललं तरी न बदलणारा संशोधकाचा ओळख क्रमांक) काढ, सगळे पेपर त्याला जोड आणि लग्न झालं तरी लेखक म्हणून नाव बदलू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. तो होतो आणि जातो. थंडीत जाड जॅकेट घे.

मुलाचं मात्र जात नाही. तो तिसरीत होता, मराठी धडाधडा वाचायचा. इथल्या शाळेत त्याला वाचनात सर्वांत मागच्या गटात बसवलं आणि बाईंनी सांगितलं, घरी इंग्रजीच बोला. मी ऐकलं. मेंदूची डॉक्टर असून ऐकलं, दोन भाषांनी मूल मागे पडत नाही हे माहीत असून ऐकलं. कारण त्या आठवड्यात लॅबमधला अहवाल द्यायचा होता आणि मला शाळेशी भांडायला वेळ नव्हता. आता तो सतरा वर्षांचा आहे. आजी फोनवर गड्ड्याच्या जत्रेचं सांगते, नंदीध्वजांची मिरवणूक कशी निघाली ते सांगते, तो "हो आजी" म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. तुझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्याशी मराठीत बोल, कोणी काही म्हणो.

जायचं तर जा. ती लॅब तुला शिकवेल, मला शिकवलं. पण निघण्याआधी तुझ्याकडचे असे रुग्ण, विजापूर-कलबुर्गीकडून येतात तेही, नीट लिहून काढ: संमती, व्हिडिओ, कानाची तपासणी, घराण्यात कोणाला आहे का. मी निघाले तेव्हा माझ्या वहीत अशी पाच नावं होती. तीन वर्षांनी येऊन पुढचं करते असं त्यांना सांगितलं होतं. नऊ वर्षं झाली. वही आईच्या कपाटात सोलापुरी चादरींखाली आहे. गेल्या दिवाळीत तिने विचारलं, ही ठेवायची का. ठेव म्हटलं. तू येत्या महिन्यात आईकडे जाऊन ती बघशील का? पत्ता खाजगीत पाठवते.