पेरिडॉट : हिरव्या खड्याविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : पाचू परवडत नाही म्हणून सराफाने पेरिडॉटचा सुटा खडा दिला. वजन साडेपाच कॅरेट. तो खरा आहे की हिरवी काच, हे घरी ओळखता येईल का? (सांगली)

उत्तर : येईल. आणि हे रत्न ओळखायला बाकीच्या बऱ्याच रत्नांपेक्षा सोपे आहे. जवाहिरे वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. वरच्या सपाट पैलूतून तिरके आत बघत नजर तळाच्या पैलूंच्या कडांवर स्थिर करा. पेरिडॉटमध्ये शिरलेला प्रकाशकिरण दुभंगून दोन वाटांनी जातो, त्यामुळे तळाची कड जोडीने दिसते, रेल्वेच्या रुळांसारखी. या दोन किरणांच्या वक्रीभवनांकांतला (किरण किती वाकतो त्याच्या मापातला) फरक ०.०३६च्या आसपास असतो. पाचूत तो जेमतेम ०.००६, म्हणून पाचूत हे दृश्य दिसत नाही. काचेत तर किरण दुभंगतच नाही.

मात्र एकाच बाजूने बघून निकाल देऊ नका. स्फटिकात अशा काही दिशा असतात की तिकडून बघितल्यास कडा एकेरीच दिसतात. खडा फिरवून तीन-चार बाजूंनी तपासा. कुठूनच जोडी दिसली नाही, तर संशय घ्यायला हरकत नाही.

आता वजनाची परीक्षा. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागेल. पाणी उकळून गार करा, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. दोरा हातात नव्हे, वर आडव्या काडीला अडकवलेला बरा. आता काट्यावर जो आकडा दिसेल, तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणून तुमचा साडेपाच कॅरेटचा खडा १.१० ग्रॅमचा आहे. पेरिडॉटची घनता पाण्याच्या सुमारे ३.३४ पट, म्हणून आकडा ०.३३ यायला हवा. पाचू असता तर ०.४० आला असता, साध्या काचेला ०.४४च्या जवळपास. खड्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि खरा खडा खोटा ठरतो. साबणाचा थेंब त्यासाठीच. दोन-तीन कॅरेटच्या खड्यावर या काट्याने हा प्रयोग करू नका, कारण तिथे काट्याची चूकच निकालाएवढी होते. शिशाची जड काच वजनात फसवू शकते, म्हणून शेवटचा शब्द भिंगाचा.

भिंगातून आत कमळाच्या पानासारख्या गोल चकत्या आणि त्यांच्या मध्ये काळा ठिपका दिसला, तर त्याला दोष समजून खडा परत करू नका. तो ठिपका बहुधा क्रोमाइट या काळ्या खनिजाचा असतो आणि त्याच्याभोवती दगड ताणाने तडकलेला असतो. पेरिडॉटची ही चांगली खूण आहे. काचेत गोल बुडबुडे किंवा पाकासारखे वळसे दिसतात.

प्रश्न : पेरिडॉटची अंगठी सैल झाली म्हणून दुरुस्त करून, उजाळून आणली. सोने लखलखले, खडा मात्र मंद झाला आणि आत एक रेघ दिसते. (ठाणे)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. रेघ उष्णतेची. खडा कोंदणात ठेवूनच अंगठी झाळली असेल, किंवा तापलेली अंगठी गार पाण्यात टाकली असेल. पेरिडॉट तापल्यावर सगळ्या दिशांना सारखा प्रसरण पावत नाही. तापमान एकदम बदलले की तडकतो.

मंदपणा बहुधा उजाळताना वापरलेल्या तेजाबाचा, म्हणजे आम्लाचा. पेरिडॉट हे मॅग्नेशियम आणि लोहाचे सिलिकेट. त्यात सिलिकॉन-ऑक्सिजनचे चार टोकांचे मनोरे एकमेकांना जोडलेले नसतात, सुटे असतात. त्यांना बांधून ठेवतात ते मॅग्नेशियम आणि लोहाचे अणू. आम्ल नेमके तेच अणू ओढून नेते, आणि मग पृष्ठभाग ढासळायला लागतो. क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेत, हे मनोरे एकमेकांत घट्ट गुंफलेले असतात, म्हणून तोच तेजाब त्याला काही करत नाही.

तडा भरून येत नाही. मंद झालेले पैलू खडे घासणाऱ्या कारागिराकडून पुन्हा चकाकून घेता येतील, थोडे वजन मात्र जाईल. पुढच्या वेळी झाळकामाआधी खडा काढायला सांगा आणि तो तेजाबात जाणार नाही हे तोंडी ठरवून घ्या. घरी धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढेच. लिंबू, चिंच, अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ, सगळे वर्ज्य. अंगठी कोरड्या फडक्याने पुसायची सवयही वाईट: धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांची कठिणता १ ते १०च्या मोह्स मापावर ७, आणि पेरिडॉटची साडेसहा ते सात. आधी धुवा, मग पुसा.

प्रश्न : पेरिडॉट ज्वालामुखीच्या खडकात सापडतो म्हणतात. मग सह्याद्रीच्या काळ्या कातळात का नाही? आमच्याकडे विहीर खणताना फिकट हिरवे स्फटिक निघाले, ते काय असतील? (जुन्नर)

उत्तर : पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचा रत्नाच्या दर्जाचा प्रकार. पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणाचा वरचा भाग मुख्यतः ऑलिव्हिनचाच आहे. तिथे त्याला तोटा नाही. अडचण वर येण्याची. काही ठिकाणी शिलारस इतक्या वेगाने वर येतो की प्रावरणाच्या खडकाचे तुकडे न विरघळता सोबत आणतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या सॅन कार्लोसचे पेरिडॉट असेच आले. आपल्याकडे कच्छच्या काही टेकड्यांतही असे हिरवे तुकडे बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या ज्वालामुखी खडकात, मिळतात, पण कण बारीक, अभ्यासकांच्या कामाचे.

सह्याद्रीचा शिलारस, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, वाटेत कवचात थांबत, निवत, बदलत आला. जड तुकडे असते तरी तिथेच बसले असते. आपल्या बेसाल्टमध्ये ऑलिव्हिन असते, पण बारीक आणि बहुधा तांबूस किंवा मातकट होऊन गेलेले.

दुसरी वाट डोंगर उचलले जाण्याची. तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या झबरगद बेटावर आणि पाकिस्तानात कोहिस्तानच्या सपाटजवळ प्रावरणाचा खडकच वर आला आहे आणि त्याच्या भेगांमध्ये मोठे स्फटिक वाढलेले सापडतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला ३११.८ कॅरेटचा पेरिडॉट झबरगदचा.

तुमचे स्फटिक बहुधा अपोफिलाइट या खनिजाचे. बेसाल्टच्या पोकळ्यांत नंतर मुरलेल्या पाण्यातून ते बनते. पुणे परिसरातल्या हिरव्या अपोफिलाइटला रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशाने येतो. चाकूने ओरखडा उठला, एका बाजूला मोत्यासारखी झाक असून तिथूनच पापुद्रे सुटत असले, तर खात्री धरा. विक्रेते त्याला सरसकट झिओलाइट म्हणतात. ते झिओलाइट नव्हे, त्याच पोकळ्यांत झिओलाइट खनिजांच्या शेजारी सापडणारे वेगळे खनिज आहे. कपाटात छान दिसते, अंगठीत नको: कठिणता साडेचार ते पाच, एका ठोक्यात चिरते.

प्रश्न : पेरिडॉटचा रंग तापवून वाढवलेला असतो का? (पणजी)

उत्तर : सहसा नाही. हा रंग बाहेरून शिरलेल्या अंशाचा नाही, खनिजाच्या रचनेतल्याच लोहाचा आहे, आणि हवेत तापवला तर बिघडण्याचीच शक्यता. लोह वाढले की तपकिरी झाक येते. खरेदी करताना खडा दिव्याच्या पिवळ्या उजेडात आणि दारात दिवसाच्या उजेडात, दोन्हीकडे बघा. तपकिरी झाक दुसरीकडे लगेच कळते.