आधी आई बघ

प्रिय बेटा,

व्हिडिओ बघितला. चहाच्या कपात बसवलेलं 'टीकप' पॉमेरेनियन, म्हणजे पॉमचं पिल्लू, खाली विकणाऱ्याची हमी: "मोठं झालं तरी एक किलोच." आणि तू विचारतेस, टोकन देऊ का? पिल्लाची आई बघितलीस का? नाही ना. मग काहून इतकी घाई?

'टीकप' नावाची जातच नाही, कुत्र्यांच्या जाती नोंदवणारा कुठलाही नामांकित केनेल क्लब ती मानत नाही. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पूर्ण वाढलेला चिवावा 2.7 किलोच्या आत, पॉम साधारण 1.4 ते 3.2 किलो. ही कुत्री आधीच इवलीशी. त्याहून लहान हवीत म्हणून वेतातली मरतुकडी पिल्लं निवडून त्यांचंच आपसांत मेटिंग करतात. नाहीतर महिन्याचं पिल्लू दोन महिन्यांचं सांगून खपवतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनी मनाई आहे, ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते. विचार त्याला नोंदणी क्रमांक. आणि आई बघायला माग. ती किती वजनाची, किती वेळा व्यायली, पोटावर सिझेरियनची खूण आहे का. एवढ्या लहान कुत्रीला पिल्लू अडतं, म्हणून पोट फाडावं लागतं. कपातल्या व्हिडिओत ती कधीच नसते.

मला लोक हट्टी म्हणतात. विकणारे माझ्या दवाखान्यात कोरी लसीकरण कार्डं आणायचे, फक्त सही-शिक्का मारा म्हणून. आईला आणा, मग बघू, एवढंच माझं उत्तर. गिऱ्हाईक तुटलं. दुसऱ्या एकाचा दवाखाना दुमजली झाला, बायको अजून ऐकवते. ऐकवू दे! मी बरोबरच होतो. तीच पिल्लं पुढे रात्री-बेरात्री माझ्याच टेबलावर यायची, साखर उतरून थंडगार पडलेली. दोन-तीन वेळचं खाणं चुकलं की एवढ्याशा जिवाला झटके येतात. हिरड्यांना मध चोळायचा, ऊब द्यायची, ग्लुकोजचं सलाइन लावायचं. कधी जगतं, कधी नाही. मालक रडत विचारतो, "डॉक्टर, काल तर खेळत होतं." काय सांगू? काहींची टाळू मोठेपणीही भरत नाही, डोक्यावर साधा टोला पुरतो. सोफ्यावरून उडी मारली की पाय मोडतो. गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनळी दबते, बारक्या जबड्यात दातांची दाटी होते.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, पॉमच्या अंगावर दुहेरी केस, आणि तुमचं घर वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दिवसभर तू कॉलेजात. दर तीन-चार तासांनी त्याला भरवणार कोण, आजी?

तुला कुत्रं नको म्हणत नाही गं. लहानच हवं तर इंडियन स्पिट्झ बघ. आपल्याकडे पॉम म्हणून वर्षानुवर्षं पाळलं गेलं ते बहुतेक हेच. तिथेही आधी आई बघ. आई दाखवायला जो "ती फार्मवर आहे" म्हणतो, त्याच्या दारातून परत फीर. पिल्लू कितीही गोड असलं तरी.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. बाबांना घेऊन ये. टोकनचे पैसे तेच देणार आहेत ना, त्यांच्याशी मीच बोलतो.

तुझे,
डॉक्टरकाका