वाचकांचे प्रश्न: शांतादुर्गेच्या हातांतले नाग

प्रश्न: वास्तुशांतीला नऊ इंचांची पितळी देवी भेट आली. देणाऱ्यांनी शांतादुर्गा म्हणून दिली, पण तिच्या पायाखाली रेडा आणि हातात त्रिशूळ आहे. ही शांतादुर्गाच का?
(वाचक, फोंडा)

उत्तर: नाही, ही महिषासुरमर्दिनी. देवी ओळखायची ती आधी हातांवरून. शांतादुर्गेची खूण म्हणजे दोन हातांतले दोन नाग. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले, ब्रह्मदेवाने आदिमायेला साकडे घातले आणि तिने दोघांना दोन हातांनी धरून भांडण मिटवले, अशी कथा आहे. ते दोन देव म्हणजेच हे दोन नाग. त्यामुळे ते तिचे आयुध नव्हे. बाजारातल्या काही मूर्तींत नाग शस्त्रासारखे उगारलेले दिसतात, ते आम्हाला पटत नाही. पकड घट्ट आणि मुद्रा निवांत, दोन्ही एकाच मूर्तीत दिसायला हवे.

दोन्हीकडून हत्ती पाणी ओतत असतील तर ती गजलक्ष्मी, आपल्या गोव्याकडची केळबाय. सांतेर, म्हणजे शांतादुर्गेचेच लोकरूप, तर मुळात रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात पुजली जाते. तिथे ना हात, ना नाग. म्हणून कुणाच्या देव्हाऱ्यात सांतेरीचा नुसता कलश असेल तर त्यात काही उणे नाही. तुम्हीही मूर्ती परत करू नका. रूप दुर्गेचेच आहे, महिषासुरमर्दिनी म्हणून पुजा.

प्रश्न: नाग असलेली मूर्ती मेणावर ओतून घ्यायची आहे. कारागीर म्हणतात मेणाच्या नऊपट पितळ लागेल आणि चतुर्थीपूर्वी जमणार नाही. खरे का?
(वाचक, डिचोली)

उत्तर: दोन्ही खरे. या पद्धतीत मेणाच्या मूर्तीवर मातीचा साचा करतात, मेण वितळवून काढतात आणि त्या जागी पितळ ओततात. मेणापेक्षा पितळ जवळजवळ नऊपट जड असते. मेणाची मूर्ती ६०० ग्रॅम भरली तर पितळेची साधारण ५ किलो ४०० ग्रॅम होईल. हा हिशेब भरीव मूर्तीचा. आत मातीचा गाभा ठेवला तर वजन बरेच उतरते. पितळ आत नेणाऱ्या नळ्या आणि ओतायची चाडी (नरसाळे) यांतले पितळ नंतर कापून पुन्हा मुशीत जाते, ते मूर्तीच्या वजनात धरू देऊ नका.

उशीर होतो तो मातीमुळे. मेणावर पहिला लेप वस्त्रगाळ मातीचा, ब्रशने, एकही बुडबुडा न ठेवता द्यायचा. (बस्तरकडे या कामाला वारुळाची माती घेतात.) तो सावलीत वाळवायचा, कारण उन्हात मेण नरमते. त्यावर मग जाड लेप. आषाढ-श्रावणात आपल्याकडे साधे कपडे वाळत नाहीत, तिथे हे लेप काय वाळणार? आत ओल राहिली की तापल्या पितळेने तिची वाफ होते. मूर्तीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, कधी वितळलेल्या पितळेचा रस चाडीतून उसळून अंगावर येतो. काम माघ-फाल्गुनात सांगा.

मेणाची मूर्ती तयार झाली की स्वतः जाऊन बघा. बदल करायचा तो तेव्हाच. पितळ बारीक जागी आधी गोठते, म्हणजे नेमके नागाच्या शेपटात आणि फण्याच्या कडेला. शेपटी हवेत मोकळी सोडण्याऐवजी मनगटाला वेढा देऊन दंडाला टेकवायला सांगा, फण्याला वेगळी नळी द्यायला सांगा. मेण वितळवून काढल्यावर साचा गरम असतानाच रस ओतायचा. साचा गार झाला तर देवी येते आणि नाग अर्धवट राहतो! मुशीतून पांढरा धूर निघू लागला तर जस्त उडते आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि पितळही त्याच सुमारास वितळते, म्हणून जाणता ओतारी शेवटी थोडे जस्त वरून घालतो. नाहीतर मूर्ती तांबूस येते.

प्रश्न: बिमलां (आंबट बिलिंबी) आणि मीठ लावून मूर्ती रात्रभर ठेवली. लाल डाग पडले. एका नागाचा फणाही झिजलेला दिसतो.
(वाचक, मडगाव)

उत्तर: आंबट आणि मीठ मिळून पितळेतले जस्त ओढून घेतात, मागे तांबे उरते, तो तुमचा लाल डाग. वरवरचा असेल तर पितळेच्या पॉलिशने उतरेल, खोल असेल तर राहू द्या. यापुढे चिंच किंवा बिमलां मिठाशिवाय, जेमतेम दोन मिनिटे लावा. भिरंडीचे (कोकमाचे) आगळ नको, त्यात मीठ असतेच. दोनदा साध्या पाण्याने धुऊन सुती फडक्याने लगेच कोरडी करा. पंचामृत नागाच्या वेढ्यांत अडकून हिरवे चढते, तिथे मऊ टूथब्रश फिरवा.

फणा झिजला तो बहुधा काथ्याने आणि राखेने. पुरेसा धातू शिल्लक असेल तर कासाराकडून फण्याच्या रेषा छिन्नीने पुन्हा उठवून घ्या. नवा फणा डाखून बसवला तर जोड वेगळ्या रंगाचा दिसत राहतो.